पोळीचा ताळेबंद

पहाटे साडेपाचला कर्वेनगरच्या गल्लीत
मी इंदू बहिरटच्या दारात, हातात वही आणि व्हर्नियर.
हसू नका. पोळीची जाडी मोजायची होती.
दोन मिलिमीटर भरली, कडेला जरा कमी.

पिंपरीत तीस वर्षं बेअरिंगचा खर्च काढला,
निवृत्तीनंतर हे काम आलं:
अठ्ठावीस मेसना पोळी एकाच छताखालून द्यावी,
की येऊ द्यावी अशीच,
एकतीस घरांतून, एकतीस तव्यांवरून?

आकडे सरळ आहेत. त्यांचं काही चुकत नाही.
एकतीस तवे रोज गार पडतात, रोज नव्याने तापतात,
तो गॅस कुणाच्याच पोटात जात नाही.
एकतीस जणी वाण्याकडून पाच-पाच किलो आणतात,
चाकणच्या यंत्राला गहू थेट ट्रकमधून.
ते ताशी चार हजार लाटतं
आणि त्याचा खांदा दुखत नाही.
इंदूचा दुखतो. मलमाची नळी आठवड्याला एक,
ती मी ओव्हरहेडमध्ये धरली.
डिझेल धरलं, नाशिक फाट्यावरचा पाऊण तासही धरला.
तरी पोळीमागे एक रुपया दहा पैसे
यंत्राच्या बाजूने.

"करपतात किती?"
"शंभरात दोन-तीन."
"त्यांचं काय होतं?"
उलथनं तसंच हवेत.
"खाते की मी. मला काय वेगळा स्वयंपाक करू?"
वाया: शून्य, असं लिहिलं.
खोडलं.
परत लिहिलं.

डब्याचं झाकण उचललं म्हणून कळलं,
एक गोळा ओल्या फडक्याखाली झाकलेला.
वरच्या खोलीतला पोरगा परीक्षेच्या दिवसांत
रात्री साडेनऊला उतरतो, उरल्यात का विचारत.
उरलेल्या कधीच नसतात.
चाकणची पाळी आठला सुटते.

आता ती म्हणणार, पोटावर पाय देऊ नका.
उत्तर मी घोकून आलो होतो.
ती म्हणाली, "तिथे पीएफ कापतात का हो?
रविवारची सुट्टी?
मग माझं नाव घाला की."

"चारच माणसं लागतात," मी म्हणालो,
"त्यातलं एक बारावी पास, बटणांसाठी."

वजाबाकी तिने केली नसेल असं नाही.
तव्यावरची उतरवली, हात पुसले,
माझ्या वहीवर वाकली.
"शालन खळदकर लिहा आधी.
तिचं मनगट गेलंय."

उघडं होतं ते पान खर्चाचं.
त्याच्यावरच लिहिलं.