उलटी बाजू

पायमशीन विकायला काढली
तेव्हा फोटो शेजारच्या पोरानं काढला.
किंमत मी सांगितली : चौदा हजार पाचशे शिलिंग.
कारण लिहू नकोस म्हटलं.
सुईचं नेढं आता मला दिसत नाही
हे किसुमूभर कशाला?

पाव तासात गिऱ्हाईक हजर.
म्हणजे त्याचा आवाज. साखरेत घोळलेला.
"मामा अपोंडी, घासाघीस नाही, म्हणाल ते देतो.
मी मीटिंगमध्ये आहे. मोटरसायकलवाला पाठवतो."

न पाहता घेणारा, न घासता देणारा!
चाळीस वर्षं मापं घेतली मी,
इतकं सैल गिऱ्हाईक अंगावर कधी आलं नव्हतं.
तिथंच ओळखायला हवं होतं.
पण निम्म्या पैशांत एका डोळ्याचं काम होणार होतं,
आणि गरज
शहाण्या कानांतही बोळे घालते.

ओगोला आला. उंच, किडकिडीत, हेल्मेटचा पट्टा तुटलेला.
मशीन दोराने आवळून मागे बांधली त्यानं
आणि तेवढ्यात माझा फोन थरथरला.
"वाच रे बाबा, मला अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात."
त्यानं वाचलं.
रक्कम बरोबर. माझं नाव बरोबर.
मग गप्प.
पुन्हा वाचलं, या वेळी मनात.
"मामा, पैसे आले की मेसेज कंपनीच्या नावानं येतो.
हा कुणाच्या तरी नंबरवरून आलाय.
शिल्लक बघा."

शिल्लक : तीनशे बारा.
सकाळीही तीनशे बाराच होती.

फोन लावला.
"नेटवर्क मंद आहे हो. त्या पोराला खोळंबून ठेवू नका.
मी तुमच्यावर विश्वास टाकला, आणि तुम्ही?"
म्हटलं, शिल्लक वाढू दे, मग मशीन हलेल.
साखर विरघळली.
फोन बंद.

ओगोलाचं भाडं 'पोचवल्यावर' मिळणार होतं.
पेट्रोल त्याच्या खिशातलं.
तोंडातून शब्द न काढता
त्यानं स्वतःच बांधलेल्या गाठी एकेक सोडल्या.
मी चहा टाकला.
कप अर्धा झाल्यावर म्हणाला,
"मागच्या वर्षी मी मोबाइल घेतला होता.
खोकं सीलबंद. वजनही नेमकं.
आत कपडे धुवायच्या साबणाची निळी वडी.
बायको महिनाभर त्याच वडीनं धुवत होती,
रोज मला दाखवून दाखवून."
हसताना त्याच्या बशीत चहा सांडला.

नवी जाहिरात त्यानंच टाइप केली :
स्वतः या. दिवसा या. पीठगिरणीपाशी या,
जिथं माणसांचा राबता असतो.
शिवून बघा, मग बोला.

शनिवारी अडोयो आली.
पिशवीत स्वतःचं कापड, सोबत एक मुकी मावशी
जी थेट मशीनखाली वाकून गंज शोधू लागली.
पोरीनं पावती मागितली.
डब्यातून काढून दिली, घडीवर फाटलेली.
तिनं आकडा न् आकडा मशीनवरच्या नंबराशी ताडला.
माझीच मशीन, आणि मी चोर ठरते की काय
अशी उभी!
गिरणीवाला हसला. मला मात्र राग आला नाही.

मग तिनं टीप मारली, वीतभर,
आणि कापड उलटं करून बघितलं.
तेव्हा मी ओळखलं, ही शिवणारी आहे.
सुलट बाजू कुणीही सजवतं.
दोरा खरा कसा बसलाय
ते मागून कळतं.

फोन थरथरला. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली,
"मेसेजचं राहू द्या, शिल्लक बघा. मी थांबते."
मावशीनं आकडा मोठ्यानं वाचला :
चौदा हजार आठशे बारा.
एवढाच एक शब्द बोलली ती बाई दिवसभरात.
त्यातले दोनशे तिथल्या तिथे ओगोलाला,
मागच्या फेरीचं पेट्रोल.
आजचं भाडं अडोयोनं आधीच दिलं होतं.

रात्री नवा नंबर. जुनीच साखर.
"मामा, मशीन आहे ना अजून? घासाघीस नाही."

"आहे की," म्हटलं मी,
"ये. दिवसा. स्वतः."