वेगळी काच

उद्यमनगरातून येताना पाइपचा वीतभर तुकडा आणला,
कडा कानशीनं घासल्या.
काच जुनी, कोपऱ्यात सिलिकॉन पिवळं पडलेलं.
तळाला वाळू नाही, झाड नाही.
मोठ्या टाकीतला मुरलेला स्पंज तेवढा,
आणि दोन रात्री उघडं ठेवलेलं
बालिंग्याचं पाणी.

लक्ष्मीपुरीतला बागवान म्हणाला होता,
"खडखडीत हाय मासा, सोडा बिनघोर."
सोडला नाही.
पाइपात शिरून बसला तो,
शेपटी बाहेर.

सुमित्रा रोज विचारते, "फिटली का शिक्षा त्याची?"
मी जाळी वेगळ्या खिळ्याला टांगतो,
कोपरापर्यंत हात धुतो.

अकराव्या दिवशी
अंगावर मीठ सांडल्यासारखे ठिपके.
चमचा मोजून
मी पाण्यात मीठच सोडलं.

पलीकडे, मोठ्या टाकीत,
सगळे खाण्यासाठी काचेला तोंड लावून.
त्यांना काहीच झालेलं नाही.