नमुन्याचा वाडगा

पहाटेचे तीन. नाम कानच्या खाडीकाठी
पत्र्याच्या शेडमध्ये एक दिवा,
दिव्याखाली पांढरा वाडगा,
वाडग्यापुढे थोआ, उकिडवी.
पाण्यात नुसते डोळे पोहताहेत,
बाकी अंगाची काच.

हा एक वाडगा ती खरा मोजते.
शिंपल्याच्या चमच्यानं, पाच-पाच करत,
ओठ न हलवता.
दोन हजार एकशे चाळीस.
पुढचे दोनशे वाडगे नजरेनं:
हा त्याच्याइतका दाट दिसतो?
जास्त झाला, घोटभर परत ओत.
विरळ वाटतो, अजून थोडी टाक.
गिऱ्हाईक शेजारी उभं, डोळ्यांत तेल घालून,
त्यालाही हेच जमतं, याहून जास्त नाही.

शेकड्यामागे दहा वर द्यायच्या,
वाटेत मरतील त्यांच्या नावानं.
ही रीत आईच्या वेळची.
मरण आधीच मापात घातलं
की नंतर तोंडातोंडी होत नाही.

आईच्या वेळी मात्र बीज विकत कोण घेई?
तिवरांच्या मुळांशी बांधाला दार असायचं,
भरती आली की उघडायचं,
ओहोटीच्या आधी लावून घ्यायचं.
येईल ती काळी, पट्ट्यापट्ट्यांची वाघी,
सोबत खेकडे, निवट्या, एखादा साप.
आता पांढऱ्या पायांची.
तिची आई विमानानं येते,
थर्माकोलच्या खोक्यात, कागदपत्रांसकट.
आली की तिचा एक डोळा
देठासकट चिमट्यानं काढतात.
त्या देठात म्हणे ‘थांब’ सांगणारं काहीतरी असतं.
तो गेला की ती अंडी घालत सुटते.
थोआनं हे काम एक हंगाम केलं,
मग मोजणीवर आली. मजुरी कमी, तरी.

काल प्रांताच्या कचेरीतून खिएम आला होता,
गुडघ्यावर टॅब, बुटांना चिखल.
‘बघा ताई, ही सगळ्या आशियाची रेघ.’
रेघ डावीकडे जमिनीला चिकटलेली,
मग उठते, मग चढतच जाते,
चीन, आंध्राची तळी, जावाचा किनारा, खुलना,
आणि आमच्या खाडीचाही त्यात एक कण.
थोआनं विचारलं, ‘मेलेल्या कुठं आहेत यात?’
‘तळ्यातून वजनाला निघाल्या त्याच धरतो.’
‘आणि लुकचं तळं?’
लुक तिचा धाकटा. अठ्ठाविसाव्या दिवशी
त्याच्या कोळंबीच्या पाठीवर पांढरे ठिपके आले,
एकतिसाव्या दिवशी पाणचाकं बंद करून
तो बांधावर बसून राहिला.
आता बिन्ह ज्युओंगला बुटांचे तळवे चिकटवतो,
फोनवर सांगतो, वास सारखाच येतो गं, फक्त समुद्राचा नाही.
खिएमनं रेघ दोन बोटांनी मोठी केली.
‘त्या वर्षी जरा वाकलीय, इथं.’
वाकण त्याच्या नखाखाली झाकलं गेलं.

मालकानं फोनवर मोजायची सोय आणलीय.
वाडग्याचा फोटो काढा, आकडा हजर.
आज त्यानं त्याच वाडग्यावर फोन धरला:
दोन हजार अठ्ठ्याण्णव.
बेचाळीस कमी.
थोआ म्हणाली, त्या दुसरीच्या खाली आहेत.
वाडगा जरा हलव, मग दिसतील.
मालक हसला. म्हणाला, चालतं तेवढं.
तिच्या उजव्या डोळ्यावर सारा यायला लागलाय
हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.
डावा पुरतो.

बाहेर ट्रक घुरघुरतोय.
पिशव्यांत प्राणवायू, तोंडाला रबर,
एकीवर एक रचताहेत पोरं.
नमुन्याचा वाडगा सगळ्यांत शेवटी ओतायचा असतो.
तो ओतला की रात्रभरात
खरं मोजलेलं असं काही शेडमध्ये उरत नाही.
थोआ ओततेय.
दोन काठाला चिकटल्यात,
बोटानं निरपून घेते त्यांनाही,
आणि पिशवीवर आकडा लिहायला
पेन शोधते.