तपासणी

अटलांटाहून निघालो तेव्हा गाडीतच ऋजुताने सुरुवात केली:
बाबा, कोणी हातात काही दिलं तर घ्यायचं नाही.
बूट कुठून घेतले विचारलं तर उत्तर द्यायचं नाही.
भुतांच्या सहलीचं तिकीट रस्त्यावर काढायचं नाही.
आणि मुख्य म्हणजे, हसायचं नाही कोणाकडे बघून.
चार तास मी मान हलवत होतो.
एकतीस वर्षं वैधमापन खात्यात काढलेला माणूस मी,
पारड्याखाली चिकटवलेली चिंच वासावरून ओळखलेली,
लोहचुंबक, पोकळ वजनं, तळाला मेण लावलेलं लिटरचं माप,
आणि ही मला सांगते, मापात पाप कसं ओळखायचं.

गाडी लावताना खांबावरचा क्यूआर कोड
शार्दूलने फोन धरून टिपला, कार्डाचा आकडा भरला.
सवयीने मी कागदाच्या कडेवर नख फिरवलं.
कड उचलली गेली. खाली आणखी एक कागद होता.
"बाबा, कशाला हात नका लावू."
मी हात खिशात घातला.

सॅव्हानाचा नदीकाठ म्हणजे नुसते दगड,
ओबडधोबड, पाय मुरगळतील असे.
शार्दूल म्हणाला, जुन्या जहाजांनी तोल राखायला भरून आणले होते,
इथं कापूस चढला, दगड उतरले.
मी थांबलो.
म्हणजे ही सगळी वाट वजनांची,
शिक्का नसलेल्या वजनांची.
वरच्या पुलांवरून गाठींचा भाव ठरायचा.
याच गावात माणसांचाही ठरला, हेही त्याने सांगितलं,
हळू आवाजात, जणू हिशेब त्याचाच चुकला होता.

बाकावर वेंडेल नावाचा माणूस
ताडासारख्या पातीचे गुलाब वळत होता.
एक पुढे केला. भेट, म्हणाला, तुमच्या बाईसाठी.
बाई गेल्या, मी म्हणालो, आषाढात तीन वर्षं होतील.
तो क्षणभर थांबला. मग तर घ्याच, म्हणाला.
हे खरं होतं की धंद्याचं, मला अजून ठरवता येत नाही.
घेतला.
मग आलंच ते: मनाला येईल ते द्या.
मनाला येईल ते!
या मापावर कुठल्या सरकारचा शिक्का बसतो, सांगा.
पाच डॉलर दिले. लोक वीस देतात, तो म्हणाला.
लोक घड्या मोजत नाहीत, मी म्हणालो. मी मोजल्यात,
सतरा, आणि शेवटची तुम्ही चोरलीत.
तो असा हसला की त्याला ठसका लागला.
मग ती अठरावी घडी त्याने मला घालायला शिकवली,
वेगळे पैसे न मागता,
किंवा पाचातच धरून.

ऋजुता लांबून बघत होती.
फसलात ना?
हो, म्हणालो.

रात्री हॉटेलात शार्दूलच्या फोनवर बँकेचा निरोप:
एकशे एकोणनव्वद डॉलर,
कुठल्याशा नावाने, जे पार्किंगचं नव्हतं.
काचेवर लावलेली दंडाची पावती वेगळीच.
दोघं पलंगाच्या दोन कडांवर बसून
ग्राहक सेवेचं संगीत ऐकत राहिली.
मी सांगू शकलो असतो, दुपारीच.
नखाखाली अजून तो डिंक होता.
थोडा आनंद झाला होता, मुंगीएवढा; तोही नोंदवतो,
निरीक्षकाने दोन्ही बाजू लिहायच्या असतात.
लाज नंतर वाटली, दिवा मालवल्यावर.

अटलांटाला ओट्यावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर गुलाब ठेवला.
नऊ ग्रॅम.
आठवड्याने चार. पात तपकिरी झाली,
दोनतीन घड्या सैल पडल्या, अठरावी नाही.
उचलला, तरी आकडा शून्यावर येईना,
एक ग्रॅम धरूनच बसलेला.
ऋजुता याच काट्यावर रोज पोळ्यांची कणीक मोजते.
अजून सांगितलेलं नाही तिला.