अकरा मिनिटं

स्टॅनिफोर्थचं कबुतर
शनिवारी पहाटे फ्रान्समधून सुटतं,
इंग्लिश खाडी ओलांडतं, ससाणे चुकवतं,
आणि दुपारच्या चहाला ग्रिम्सबीत हजर.
पण ते आल्याची नोंद करायची फाइल
काही केल्या उघडत नाही.

"अकरा मिनिटं," तो म्हणतो. "घड्याळ लावून बघितलंय."
शर्यतीचं घड्याळ ते,
सेकंदालाही चुकायचं नाही.

मागची खोली. काचेवर सीगल्सची शिट,
हीटरवर वाळत घातलेले लोकरी मोजे,
टेबलाखाली कॉम्प्युटर
म्हाताऱ्या कुत्र्यासारखा धापा टाकतोय.
हात लावला तर कढत.
अहो, याला ताप आहे, मी म्हटलं.
दिवसभर औषधाच्या दुकानात उभी असते,
तोंडाला तीच सवय.

पडद्याच्या कोपऱ्यात तीन ढाली.
हिरवी, लाल, निळी. तीन कंपन्यांच्या,
तिघींचा हप्ता दर महिन्याला पेन्शनीतून.
फाइल जरा हलली की हिरवी तिला अडवते,
खिसे चाचपते.
लाल हिरवीचेच खिसे चाचपते,
की ही कोण लोकांच्या फायलीत हात घालणारी?
निळी दोघींवर डोळा ठेवून बसलेली,
अधूनमधून ओरडते: तुम्ही सुरक्षित आहात!
तीन तिघाडा, काम बिघाडा.
त्याला हे इंग्रजीत सांगायला गेले
तर हातात नुसता तीनचा आकडा उरला.

"पण तीन कशाला?"

त्याने आधी किटली लावली.
मग पाठमोराच म्हणाला,
गेल्या मार्चात एक फोन आला होता.
बाई फार गोड बोलत होती.
तुमच्या मशीनला कीड लागलीय म्हणाली,
आता इथे क्लिक करा. आता इथे.
चार हजार पौंड.
मॉरीनच्या थडग्यावरच्या दगडासाठी ठेवलेले.

मग तो बराच वेळ दूध शोधत राहिला.
दूध समोरच होतं.

"आवाज तुझ्यासारखा होता, नीला.
म्हणजे तू नव्हेस. पण तसाच."

निलांबरी म्हणणारं इथे कोणी नाही.
मला सांगायचं होतं
की त्या एवढ्या मोठ्या देशात
माझ्या चिपळूणचा हेल कुणी दुसरं काढत नाही,
की फोनवर सगळेच आवाज सपाट होतात,
की माझ्या आईलाही असाच एक फोन आला होता
आणि तो माणूस शुद्ध मराठी बोलत होता.
मी म्हटलं, "साखर नको."

खुर्ची ओढून बसले.
हिरवी जायला तयार नाही.
खरंच काढायचं? विचार करा. धोक्यात याल.
सूट देऊ का, निम्म्या दरात?
माउस त्याच्या हातात, मी बाजूला.
आणि त्या खोलीत मला माझाच आवाज ऐकू आला:
"आता इथे क्लिक करा."

त्याचं बोट थांबलं.
किती वेळ, सांगता येणार नाही.
माझ्याकडे कबुतरांचं घड्याळ नाही.

पडद्याकडे बघतच तो म्हणाला,
"काल एक परकं आलं. पायात बेल्जियमची रिंग.
भरकटलं असेल. भाव खात होतं जरा,
पण पाणी प्यायलं."

क्लिक.

मग लाल. तिच्या वेळी त्याने मला विचारलं नाही.
निळीवर आलो तसं मीच म्हटलं, ही राहू दे,
एक दाराशी असावी.
तो म्हणाला, मी तेच म्हणणार होतो.
मला ते खरं वाटलं नाही. चालेल.

फाइल उघडली. नऊ सेकंद.
रिंगचे नंबर, तारखा, वाऱ्याची दिशा,
एका रकान्यात मॉरीनने ठेवलेली नावं.
तो खूश होईल असं वाटलं होतं.
तो रिकाम्या किटलीकडे बघत होता.

"त्या अकरा मिनिटांत मी चहा टाकायचो," म्हणाला.
"तिच्याशी दोन शब्द बोलून व्हायचे."

माझा चहा अजून गरम होता.
मी तो सावकाश,
अगदी सावकाश प्यायला.