पिंजाऱ्याची आई सांगते

मोडी मला येत नाही.
निरगुडे सर वाचतात, मी वहीत उतरवते.
ते म्हणतात, कारकून आधी रेघ ओढून घ्यायचा
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
मग बोरूनं एकेक अक्षर खाली टांगायचा,
दोरीवर धुणं घालावं तसं.
आमच्या आळीचं धुणं दोनशे वर्षं वाळतंय.

खानेसुमारी, कसबे नाशिक, तांबट आळी.
घर एक. खण तीन. कौलारू.
चुली दोन. बाप्ये तीन. बायका दोन.
म्हैस एक, भाकड.
म्हशीचं भाकडपण लिहिलंय,
बायकांची नावं नाहीत.
नसतातच, सर म्हणतात.
मी म्हणते, पुढे वाचा.

सोनार, घर एक, पैकी निम्मं पडलेलं.
तेलीण, बेवा, घाणा मोडका.
एक गोसावी. घर नाही, ओटा.
दहीपुलाकडे उतरताना जिथे
आता मोबाइलची कव्हरं लटकतात
तिथेच कुठेतरी असावा हा ओटा,
आणि खाली सरस्वतीचं पाणी, तेव्हा उघडं.

सर थांबतात. चष्मा पुसतात.
हे तुमचं.

बाळकोजी बिन रायाजी तांबट. घर बंद, कुलूप.
असामी हंडे घेऊन खानदेशात फेरीस गेला, कबिल्यासुद्धा.
पुढे शाई फुटलीय, थोडं कसरीनं खाल्लंय,
आणि मग अगदी स्वच्छ:
शेजारील पिंजाऱ्याची आई सांगते.

सांगते की
बाळकोजी, उमर तीस, डाव्या कानानं ऐकत नाही.
(ठोके घालणाऱ्याचा कान जातोच.
माझ्या वडिलांचाही डावाच गेला होता.)
बायको गोजी.
मुलगी एक, तान्ही, नाव ठेवणे बाकी.

काय ठेवलं, ते कुठेच नाही.
पण गोजी.
साऱ्या आळीत, चौदा पानांत, एकाच बाईचं नाव,
तेही ती घरी नव्हती म्हणून.
नवरा दारात असता
तर त्यानं सांगितलं असतं, बायका एक.

आणि जिनं सांगितलं तिचं?
सर पान उजेडाकडे धरतात, उलटून बघतात.
फाजल वलद हुसेन पिंजारी आहे.
त्याची धनुकलीसुद्धा आहे, नग एक.
आई, एवढंच.

मी कारकुनावर चिडायच्या बेतात होते.
पण दोन हजार अकराला मीच प्रगणक होते,
शाळा सुटल्यावर सिडकोत, उत्तमनगरला,
खांद्यावर सरकारी पिशवी, चपलेचा अंगठा तुटका.
तिसऱ्या मजल्यावर कुलूप. तीनदा गेले.
शेवटी समोरच्या बाईनं कोपरानं दार उघडलं,
हाताला कणीक होती तिच्या,
आणि उभ्या उभ्या सांगितलं:
चौघं आहेत, तो अंबडला कंपनीत,
तिचं माहेर चांदवडचं, पाय भारी होते तेव्हा मीच नेलं दवाखान्यात,
धाकट्याला अजून दात यायचेत.
यातलं जे रकान्यात बसलं ते मी लिहिलं.

ती स्वतःही माझ्या यादीत होती,
तिचं नाव मीच लिहिलं असणार, माझ्याच अक्षरात.
मघापासून आठवतेय.
कणीक आठवते. कोपर आठवतं.
आतून कुकरची शिट्टी झाली, तेही.

उतरवलं का, सर विचारतात.
मी लिहिते: गोजी.
त्याखाली एक रेघ ओढते,
या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि तिला काहीच टांगत नाही.

सर वाट बघतात थोडी.
मग बोट पुढे सरकवतात.
कुंभार, घर एक. गाढवं चार.