पोत

सीताबर्डीच्या दुकानात भिंतभर एकच धबधबा
सतरा पडद्यांवर कोसळत होता.
सेल्समन म्हणाला, हा एचडी रेडी, तो फुल एचडी,
पल्याडचा फोर के, काका, बघतच राहाल.

बाबांनी खिशातून भिंग काढलं,
तांडापेठेतलं, माग विकला तेव्हा न विकलेलं,
आणि काचेला नाक लावलं.
"आडवे किती?"
एकोणीसशे वीस.
"उभे?" एक हजार ऐंशी.
"अन् याचे?" तेराशे सहासष्ट, सातशे अडुसष्ट.
"मंग रेडी काहून म्हणता? विरळ म्हणा ना."

मी लेबलं वाचत होतो, ते पोत.
"फणी बारीक लावली
म्हून जाडं सूत बारीक थोडंच होते?
आपला केबलवाला कोणतं सूत धाडते?"

सेल्समननं धबधब्याचा आवाज वाढवला.

खोली दहा फुटांची, बाबांचं स्टूल पार मागच्या भिंतीला;
तिथून कोण धागे मोजणार?
फुल एचडी घेतला, चाळीस इंची.

रात्री बातम्या लागल्या.
निवेदिकेच्या साडीचा काठ विस्कटलेला.
बाबा उठले, जवळ गेले,
नखानं काठ खरवडून पाहिला.
"पाह्य. सूत जाडंच आहे."
मग बराच वेळ तिथंच उभे,
पदराचा रंग बघत,
आम्हाला बातम्या दिसेनात.